पाच बँडचा नवरा

हेमकांत नवापूरच्या एका हॅचरीत कामाला आहे. अंड्यातून निघून एक दिवस झालेली पिल्लं ट्रेमधून त्याच्यापुढे येतात आणि तो त्यांची वाटणी करतो. पिल्लू उचलायचं, अंगठ्याने पंख उलगडायचा, पिसांच्या दोन ओळी पाहायच्या. लांब-आखूड दिसल्या तर मादी, उजव्या खोक्यात. सारख्या दिसल्या तर नर, डाव्या खोक्यात. उजव्या खोक्याचे लाड पुष्कळ. त्यांना लस मिळते, बंद गाडी मिळते, अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे शेडवाले महिनाभर आधी नंबर लावून बसलेले असतात. डाव्या खोक्यातले गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून आठवडी बाजारात टोपलीने विकले जातात. या धंद्यात नराला भाव नाही, हे तासाला हजार पिल्लं पाहणाऱ्या हेमकांतला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी स्वतःवर पाळी आली तेव्हा ते त्याला जरा लागलंच.

पाळी आली बायकोमुळे. ममता नर्स आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, आणि त्यातलं एक वर्ष ती ड्यूटी संपवून, भाकरी टाकून, कानात वायर घालून इंग्रजी ऐकत असायची. हेमकांतला वाटायचं, गाणी ऐकते. मग एक दिवस न्यूझीलंडच्या एका दवाखान्याचं नोकरीचं पत्र आलं, तेव्हा गाणी कसली होती ते कळलं.

दोघं नंदुरबारला श्रेणिकच्या ऑफिसात गेले. खाली त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान, वर त्याचं व्हिसाचं काम. वडील ज्या सुरात नेसूचं लुगडं आणि ठेवणीतलं लुगडं समोर पसरतात, त्याच सुरात श्रेणिकने दोन वाटा पसरल्या. एक, ममताने कामाच्या व्हिसावर जायचं आणि हेमकांतने जोडीदार म्हणून मागून. त्यात त्याची परीक्षा नाही, पण ती मुदतीची गोष्ट. व्हिसा संपला की पुन्हा रांगेत. दुसरी, नर्सला तिथे थेट कायम राहण्याचा अर्ज करता येतो. एकाच अर्जात दोघांची नावं. मात्र नवऱ्यालाही इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. आयईएलटीएस नावाच्या परीक्षेत सरासरी पाच बँड, म्हणजे नवापैकी पाच गुण.

"आणि नाही आलं तर?" ममताने विचारलं.

नाही आलं तर तिथल्या इंग्रजी शिकवणीची फी इथूनच भरून टाकता येते, श्रेणिक म्हणाला. तेही नियमात बसतं, पुष्कळ नवरे तसेच जातात. हे तो अगदी सहज म्हणाला, पण हेमकांतच्या कानात ते वेगळंच घुसलं. पावती फाडून विमानात चढवलेला नवरा. त्याने समोरचा फॉर्म पाहिला. वर मुख्य अर्जदार, ममताचं नाव. खाली जोडीदार, त्याचं. बी.ए. होऊन सहा वर्षं झालेला माणूस म्हणाला, "परीक्षा देतो."

घरी ममताने एकदाच सांगितलं. पत्राची मुदत दिवाळीपर्यंत आहे. मी एकटी पुढे जाणार नाही आणि वर्षावर्षाच्या व्हिसावर संसारही मांडणार नाही. मग दूध उतू जायला आलं म्हणून ती आत गेली. फी भरून जायचं नाही हे त्याचं ठरलेलंच, म्हणजे ती जाणार की नाही, हे आता हेमकांतच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि तेच त्याचं सगळ्यात कच्चं अंग होतं.

शहाद्याकडे गावी वडिलांना सांगायला गेला तेव्हा हिलालआप्पा ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होते. सुनेचा पगार ऐकून त्यांनी मान हलवली, थंडी किती ते विचारलं, तिथे मिरची मिळते का ते विचारलं. मग एवढंच म्हणाले, "ती ते दवाखानामा जाई. अन् तू तठे काय करशी?"

हेमकांत म्हणाला, आधी पास तर होऊ द्या. उत्तर टाळायला परीक्षेसारखी सोय नाही.

वाचणं आणि ऐकणं त्याला कसंबसं जमू लागलं. लिहिणं शाळेत होतं तिथेच होतं. बोलणं मात्र गाळात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखं. ममता विचारायची, तुमच्या गावाबद्दल सांगा. तो अर्धं वाक्य जायचा, थांबायचा, मागे यायचा, पहिला शब्द पुसून दुसरा ठेवायचा, तोही पुसायचा. दोन मिनिटांत गाव वेशीपर्यंतही यायचं नाही. ममता दवाखान्यात भल्याभल्या पेशंटना रागावते. पण याच्यापुढे ती घड्याळाकडे बघत गप्प बसायची, आणि त्याला रागावलेलं परवडलं असतं.

वाट सापडली ती भाईदासमुळे. भाईदास हॅचरीतला जुना माणूस, हेमकांतचा हात त्यानेच बसवलेला. पहिल्याच दिवशी त्याने एक नियम सांगितला होता: "एक डाव देख अन् टाकी दे. परत देखशी ते घोटाळा व्हई." आणि ते खरं होतं. पहिल्या नजरेत शंभरातली अठ्ठ्याण्णव बरोबर पडतात. दुसऱ्यांदा पंख उघडला की सगळीच पिल्लं सारखी दिसायला लागतात, आणि पुढची हजार मागे तुंबतात.

एका मंगळवारी हेमकांत पिल्लं टाकत टाकत तोंडातल्या तोंडात गावाबद्दल इंग्रजी घोकत होता. भाईदासने जरा वेळ ऐकलं.

"हात ते चाली ऱ्हायना," तो म्हणाला, "तोंडले काय व्हयनं?"

हात चालतोय, मग तोंड का अडावं, अशी भाईदासने चेष्टाच केली होती. पण हेमकांतने त्या संध्याकाळी ममताला सांगितलं, प्रश्न घरी विचारू नको, पिल्लांची वाटणी मंगळवारी आणि शुक्रवारी असते, तेव्हा फोनवर विचार. मग सुरू झालं. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून विचारायची, तो कानात वायर घालून पिल्लं टाकत टाकत उत्तर द्यायचा. हात थांबू शकत नसल्यामुळे जीभही थांबेना. शब्द चुकला तर चुकला, गेला डाव्या खोक्यात, पुढचा घ्या.

त्यात एक भानगड झाली. या परीक्षेचे प्रश्न फार खासगी असतात. तुम्हाला कोणाचा अभिमान वाटला तो प्रसंग सांगा. तुम्ही काय गमावलं ते सांगा. खानदेशात नवरा-बायको एकमेकांना असलं काही विचारत नाहीत. जेवलात का, एवढ्यावर पन्नास वर्षं निघतात. एका शुक्रवारी अभिमानाचा प्रश्न आला. हेमकांतच्या हातातून दहाबारा पिल्लं गेली तेवढ्यात तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलून मोकळा झाला: तुझं पत्र आलं त्या दिवशी मला अभिमान वाटला. त्याच दिवशी मी घाबरलोही. तू मला इथे विसरून जाशील असं वाटलं.

अहिराणीत असतं तर हे वाक्य त्याने दहा वेळा उलटून पाहिलं असतं आणि गिळलं असतं. पलीकडून ममता अगदी मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "नेक्स्ट क्वेश्चन." घरी दोघांनी त्याचा विषय काढला नाही. त्या रात्री तिने त्याच्या आवडीची कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी केली, एवढंच.

परीक्षा सुरतेला होती. लेखी होऊन गेलं. बोलायच्या खोलीत एक शांत बाई होत्या. काय काम करता, त्यांनी विचारलं, आणि हेमकांत सुटला. ट्रे, पंख, दोन ओळी, दोन खोकी, रंगवलेले नर. बाई हसल्यासुद्धा; परीक्षेत त्यांनी हसावं असा नियम नसावा. टेबलाखाली हेमकांतची बोटं हलत होती. मग त्यांनी पुढचा साधा प्रश्न विचारला: पुढे आयुष्यभर हेच काम करायला आवडेल का?

न्यूझीलंडच्या ज्या गावी ममताला नोकरी होती तिथे हॅचरी नव्हती. त्याने नकाशात शोधलं होतं, दोनदा. बोटं थांबली. आप्पांचा प्रश्न मिरच्यांसकट समोर येऊन बसला. तो 'हो' म्हणायला गेला, मागे आला. 'नाही' म्हणायला गेला, मागे आला. शेवटी म्हणाला, "आय डोन्ट नो, मॅडम. माय वाइफ नोज हर वर्क." बाईंनी थँक यू म्हटलं.

निकाल आला. बोलण्यात साडेपाच, लिहिण्यात साडेचार, बाकी दोन्हींत पाच. सरासरी बरोबर पाच. वर एक दाणा नाही. ममताने मोबाइलवर तो आकडा बोटांनी मोठा करून पाहिला आणि पदराने डोळे पुसले. श्रेणिकने पेढे मागितले. आप्पांना फोन गेला. आप्पा म्हणाले, चांगलं झालं. तू तठे काय करशी, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

अर्ज गेला त्या आठवड्यातल्या मंगळवारी हेमकांत नेहमीसारखा कामाला उभा राहिला. कानात वायर नव्हती. आता प्रश्न विचारायचं कारण नव्हतं. ट्रे आला. उजवी, डावी, उजवी, उजवी. मग एक पिल्लू त्याने उचललं, पंख उघडला, पाहिला आणि मिटला. खोक्याकडे नेलेला हात परत आला. पुन्हा पंख उघडला. पिल्लू तळहातावर ऊबदार होतं आणि त्याच्या अंगठ्याला चोच मारत होतं. ओळी लांब-आखूड होत्या की सारख्या, ते त्याला काही केल्या दिसेना. मागे ट्रे तुंबायला लागले.

शेजारून भाईदासने हात लांबवला, त्याच्या तळहातावरून ते पिल्लू उचललं, पाहिलं-न पाहिलं केलं आणि उजव्या खोक्यात टाकलं.

"पुढलं ले," तो म्हणाला.