रातपाळीच्या माणसाला उठवत नाहीत

नाना सिटी बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गेला, आणि त्याला नीट झोपता यावं म्हणून मी थोडी सरकून बसले.

आज वर्ष झालं.

नाना म्हणजे माझा मोठा भाऊ. पांडेसऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं कापडाच्या लूम चालवल्या. त्या आवाजानं कान गेले होते, त्यामुळे स्वतः किती मोठ्यानं बोलतोय हे त्याला कळायचं नाही.

बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगायचा, "मनी बहीण शे. शायमा शिकाडस." मी शाळेत शिकवते हे ऐकून अख्खी बस वळून बघायची.

"नाना, हळू बोल."

"हळूच बोली ऱ्हायनू ना."

रविवारी आम्ही फिरायचो तो पाट, म्हणजे कालवा, त्याला चुकून सापडला. एकदा रातपाळी करून लिंबायतला घरी यायला निघाला आणि चुकीच्या बसमध्ये चढून झोपला. पलसाण्याच्याही पुढे, शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तेव्हा जागा झाला. लूमवाले आवाजात झोपतात. शांत झालं की त्यांना जाग येते.

खाली उतरला तर समोर कालवा, काठोकाठ भरलेला. दोन्ही बाजूंना ऊस.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता मला फोन. "पाट देखा मी. आपला गावनामायक." अगदी मूळ गावातल्यासारखा.

त्यानंतर बहुतेक रविवारी आम्ही दोघं जायचो. तो रातपाळीवरून यायचा, तोंड धुवायचा, चहा घ्यायचा आणि आम्ही बस पकडायचो. जाताना तो झोपायचा. मी खिडकीतून बघायचे. उतरलं की तो चपला हातात घेऊन पाटाच्या कडेनं चालायचा आणि मी मागे.

मी एकदा विचारलं, "रात्रभर उभा असतोस, पाय दुखत नाहीत?"

म्हणाला, "तठे रातभर चालस, पन कोठेच पोचत नई. आठे चालं का पुढलं गाव तरी येस."

वहिनी टोमणे मारायची. "पाटवर फिराले येळ शे. घरना नळवर पानी भराले येळ नई."

नानाला ऐकू यायचं नाही. किंवा यायचं.

आता त्या दिवसाचं.

निघताना तो डावा खांदा चोळत होता. मी म्हटलं, "बाम लाव." त्यानं लावला. बसमध्ये बसल्या बसल्या डोळे मिटले. थोड्या वेळानं डोकं माझ्या खांद्यावर आलं. नेहमीपेक्षा जड.

मध्येच त्याच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं, घोरतोय.

मागच्या सीटवरच्या बाईंनी पुढे वाकून विचारलं, "बेन, भाईनी तबियत तो ठीक छे ने?"

मी त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाही. हलले असते तर त्याची झोप मोडली असती. तशीच म्हणाले, "नाइट पाळी करीने आव्या छे. ऊंघवा दो."

झोपू द्या.

आम्ही लिंबायतच्या एका खोलीत वाढलो. आमचे वडीलही लूमवर होते. ते रातपाळी करून झोपले की आई दुपारपर्यंत कुकर लावायची नाही. कोणी दार वाजवलं तर बाहेर जाऊन बोलायची. आम्ही त्यांच्या पायांवरून उड्या मारून शाळेत जायचो, आवाज न करता. रातपाळीच्या माणसाला उठवत नाहीत. हे मला वाचता येण्याआधी येत होतं.

त्या बाईंना उत्तर देताना मला जरा अभिमानच वाटला होता. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता. मला वाटलं, यांना काय कळणार आमच्या लोकांचं.

त्यानंतर बस एका मोठ्या दवाखान्यासमोर थांबली. दोन माणसं चढली. बस पुढे गेली.

शेवटच्या स्टॉपला इंजिन बंद झालं. नाना उठला नाही.

मी घरी सांगितलं की उतरता उतरता झालं, एका मिनिटात. माझ्या डायरीतही त्या तारखेच्या पानावर हेच लिहिलंय. वीस वर्षं डायरी लिहिते. तेवढं एक पान खोटं आहे.

त्यावर वहिनीनं वर्ष काढलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "त्रास नई व्हयना त्यासले. लगेच गयात."

मी तिथेच बसलेली असायचे.

दोन डॉक्टरांना विचारलं, वेळेवर नेलं असतं तर? एक म्हणाले, सांगता येत नाही. दुसरे म्हणाले, असा विचार करू नका. दुसऱ्या उत्तराचा अर्थ मला कळतो.

वर्षभर ठरवत होते. खरं सांगायचं ते वहिनीसाठी, की माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायला? अजूनही नक्की माहीत नाही. पण आज सकाळी वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकात आम्ही दोघीच होतो आणि ती पुन्हा म्हणाली, "लगेच गयात." मला पुढे ऐकवलं नाही.

सगळं सांगितलं. त्या बाईंचं. दवाखान्याचं.

वहिनी पुरणपोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. ती पोळी तव्यावर टाकली, उलटली, काढली. मग म्हणाली,

"मी बी त्यासले उठाडं नसतं."

मी रडायला लागले. वाटलं, सुटले.

तिनं पुढची पोळी घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पन त्या बाईनी इचारं, तव्हय एक डाव त्यासना हात धरी देखा असता."

एवढंच. त्यानंतर तिनं मला तूप वितळवायला सांगितलं आणि मी वितळवलं.

एकदा हात धरून बघायला हवा होता. उठवायचीही गरज नव्हती. तो माझ्या हाताला लागूनच होता.

वहिनीला विचारूनच हे इथे, सगळ्यांसमोर, लिहिलंय. ती म्हणाली, "लिख. खरं लिख."

नाना, माझं चुकलं.

जड मनानं तुला शेवटचा राम राम.