काम झालं समज, कॉफी घे

वर्देच्या गच्चीवर तीन वर्षं मशीनगन होती, आणि वर्दे तिच्या नळीवर धुणं वाळत घालायची. मुलगा नखले चिडायचा.

"आई, समोरचे हसतात."

"मग दुसरी जागा कुठं ठेवलीस? तुझ्या चड्ड्या काय डोक्यावर वाळवू?"

वर्दे ख्रिस्ती, आणि समोरचे म्हणजे गल्लीपलीकडचे, द्रूझ पंथाचे. त्या म्हाताऱ्या अबू शकीबच्या गच्चीवरही तशीच गन, तोंड इकडं. त्याचा शकीब आणि हिचा नखले यांनी लहानपणी एकाच झाडाची तुती चोरून खाल्ली होती, आणि आता एकमेकांना पाण्यात पाहत होते. दोन्ही जमातींमधलं युद्ध संपलं म्हणून रेडिओनं कधीचं सांगून टाकलं होतं. शनिवारपर्यंत गन खाली आणा, नाहीतर लष्कर वर चढून नेईल, असा हुकूम सुटला होता. दोघा दिवट्यांचं उत्तर एकच: आधी त्याची उतरू दे, मग बघू.

वर्दे पोराला ओळखून होती. लष्कर जिना चढलं की नखले काही गप्प बसणारा नव्हता. एक गोळी सुटली की सगळं गाव पुन्हा पेटलं असतं. याच गल्लीत तिनं नवरा घालवला होता. आता उरलं होतं हे एकच पोर.

शुक्रवारी सकाळी तिनं चर्चचा ठेवणीतला कोट चढवला आणि गल्ली ओलांडली. अबू शकीबच्या सुनेनं कॉफी आणली. वर्देनं कप समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. या डोंगरी मुलखात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: पाहुणा काहीतरी मागायला आलाय, आणि हो म्हटल्याशिवाय कपाला तोंड लावणार नाही. तसाच उठून गेला तर घराची अब्रू गेली.

म्हाताऱ्याला वाटलं, बया आली आपल्या अक्रोडाच्या फांदीवरून. फांदी गल्लीवरून वर्देच्या अंगणावर लोंबायची, आणि त्यावरून दोन्ही घरं जुनी भांडत होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"वर्दे, काम झालं समज. कॉफी घे."

वर्देनं कप तळापर्यंत रिकामा केला. "देव भलं करो. गन उतरवा."

"अगं, मी फांदीचं म्हणालो."

"फांदीनं माझं काय वाकडं केलंय?"

म्हातारा लालबुंद झाला. पण शब्द गेला होता, तोही सुनेच्या देखत. शकीबनं थयथयाट केला, तर त्यालाच म्हणाला, "माझी मिशी अजून माझ्याच तोंडावर आहे. उतरव."

पण ते धूड एकट्यानं हलेना. मग दुपारी अबू शकीब वर्देकडे आला आणि कॉफीचा कप तसाच ठेवून नखलेपुढं बसला. नखले सावध होता.

"काका, गन सोडून काहीही मागा."

"गनचंच मागतोय, पण माझ्या. उतरवायला हात लाव. शकीबची कंबर धरलीय."

नखलेला हसू आलं. म्हणाला, "झालं समजा, घ्या कॉफी."

पलीकडच्या गच्चीवर शकीब नटबोल्ट सोडवत होता. नखलेनं सहज गनवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. बरोबर मधोमध त्याची आई होती. दातांत चिमटा धरून ती त्याचीच चड्डी नळीवर पसरत होती. कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. नखलेनं डोळा न काढताच विचारलं,

"रोज दिसायची?"

"रोज. एकदा तर मला जीभ काढून दाखवली," शकीब म्हणाला. "माझ्या आईनं बजावलं होतं, वर्देचं धुणं निघेपर्यंत गनला हात लावायचा नाही. आणि तुझ्या आईचं धुणं काही संपेना."

संध्याकाळी दोघांनी मिळून नखलेची गनही खाली आणली.

वर्दे ओल्या धुण्याची बादली घेऊन वर आली, तर गच्ची मोकळी. "मेल्यांनो, आता धुणं कुठं घालू?"

समोरून अबू शकीब ओरडला, "फांदीवर घाल. तीही तुझीच समज."

वर्दे खाली अंगणात गेली आणि पहिली चादर तिनं फांदीवर टाकली. मग तिला रडू कोसळलं, आणि चादरीआड उभी राहून ती मनसोक्त रडली.