सोळा मीटर काहीच नाही

माझा नवरा सेमिसी भिंतींचे सांधे मिटवतो. दोन प्लास्टरबोर्डांमधली फट भरायची, पट्टी लावायची, घासायचं, परत भरायचं, परत घासायचं. काम झकास झालं तर दिसत नाही, दिसलं तर फसलं. बारा वर्षं मी हेच सांगतेय, पण टोंगा बेटांवरून आमच्याकडे सिडनीला आलेल्या माझ्या बापाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

"म्हणजे लपवालपवी," बाबा म्हणायचे. "ती चोर करतात."

बाबा सुतार. गावचं चर्च त्यांनी बांधलंय आणि तुळईवर बोटभर खोल स्वतःचं नाव कोरलंय. जावयाला कधी नावाने हाक नाही. तो समोर बसलेला असला तरी मलाच म्हणणार, "त्याला सांग, मीठ दे."

सोमवारी त्यांचं विमान होतं. शनिवारी सेमिसी इरेला पेटला. "चला बाबा, माझी भिंत दाखवतो. मग खुशाल चोर म्हणा."

निघालो सिडनीच्या आधुनिक कलेच्या म्युझियमला. बाबांनी चर्चला जाताना गुंडाळतात ती विणलेली चटई कमरेला गुंडाळली होती. आत शिरताच लाल पाइपांचा ढीग दिसला. लोक त्याच्याभोवती हळू हळू फिरत होते. बाबा मोठ्याने म्हणाले, "प्लंबर जेवायला गेलाय वाटतं!" मला असं हसू फुटलं की उचकीच लागली.

तिसऱ्या मजल्यावर ती भिंत. सोळा मीटर, पांढरीशुभ्र, मधोमध काडेपेटीएवढं एक चित्र. सगळे चित्राकडे बघत होते आणि आम्ही तिघं भिंतीकडे.

"सांधे किती?" बाबांनी मला विचारलं.

"तेरा," सेमिसी म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"चष्मा धर," बाबा मला म्हणाले. त्यांनी भिंतीला गाल टेकवला आणि एक डोळा मिटला. खिडकीतून आडवा उजेड येत होता. आडव्या उजेडात भलेभले सांधे उघडे पडतात, हे सुताराला काय शिकवायचं! गाल टेकवून टेकवून म्हातारा खेकड्यासारखा तिरका सरकत निघाला. मागे चार बायका जमल्या. एकीने तर आपलाही गाल टेकवला!

पहारेकरी पोरगी धावत आली. "आजोबा, चित्राला हात नको!"

"चित्र गेलं खड्ड्यात! मी सांधा शोधतोय."

"पण आजोबा, तिथे काहीच नाहीये."

बाबा टोकाला पोचले होते. ते ताठ उभे राहिले. "काहीच नाही!" ते ओरडले. "ऐकलंत का? सोळा मीटर काहीच नाही! माझ्या जावयाने केलंय!"

आमच्यात कुणी फक्कड नाचलं की त्याच्या अंगावर नोट चिकटवतात. बाबांनी चटईत खोचलेली नोट काढली आणि सेमिसीच्या ओल्या कपाळावर थाप मारून चिकटवली. मी किंचाळले, त्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझा शंभर किलोचा नवरा नोट कपाळावर घेऊन भर म्युझियममध्ये नाचायला लागला. नाचता नाचता रडतही होता येडा.

बाहेर पायऱ्यांवर बाबा दम खात बसले.

"सेमिसी," ते म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा. "आमच्या चर्चच्या भिंतीला तडा गेलाय. मी कुणाला हात लावू देत नाही. तू कधी येतोस?"