ताईच्या चिलटांसाठी सात रेघा

माणूस गेलं की लोक भेटायला येतात, बसतात आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातात. महिन्याभरात घरात ढीग झालाय. ताईचे सगळे किस्से चिलटांचेच. रडत बसायचं नाहीये मला, म्हणून सांगतोय.

केळ्यावर घोंघावतात ती चिलटं. त्यांची मादी अंडी घालायला जागा कशी निवडते, वासाने, चवीने की आणखी कशाने, यावर ताई कॉलेजात पीएच.डी. करत होती. मी भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर केळी-पपईची गाडी लावतो. म्हणजे ती ज्यांना पाळायची, त्यांना मी दिवसभर हाकलायचो.

*

सकाळी कॉलेजला जाताना ताई गाडीवरचं सर्वांत काळं केळं उचलायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या गुजराती आंटींनी एकदा पाहिलं. मला म्हणाल्या, "सगी बहन को सडेला देता है? शरम कर."

ताई म्हणाली, "आंटी, मेरे लिए नहीं. घर में डिलिव्हरी है."

संध्याकाळी आंटी डिंकाचे लाडू घेऊन दारात!

*

ताईने मला भिंगातून दाखवलं होतं. मादी आधी पायांनी चव घेते, मग तोंड टेकवते, मग मागचं टोक टोचून बघते. पसंत पडलं तर अंडं, नाहीतर दुसरीकडे.

दुसऱ्या दिवशी एक काकू गाडीवरची एकेक पपई अंगठ्याने दाबत होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई कानात म्हणाली, "गप्प बस. चव घ्यायची राहिलीय अजून."

काकूंनी लगेच फोड मागितली.

*

ताई घरी चायना ग्रासची जेली करून बशीत ओतायची. अर्धी साधी, अर्धी व्हिनेगर घातलेली. वर माद्या सोडायची. त्या बसायच्या साध्या बाजूला, अंडी मात्र व्हिनेगरमध्ये.

"स्वतःला नको तिथे पोरं कशाला ठेवतात?" ताई डोकं धरून बसली.

मी म्हटलं, "आईला फिनेलचा वास सहन होत नाही. पण तुझ्या वेळी बाळंतपणाला हॉस्पिटलातच गेली ना?"

तिने हे कॉलेजच्या सेमिनारमध्ये तसंच्या तसं सांगितलं. हॉल हसला. तिच्या मॅडमनी विचारलं, "कोण शास्त्रज्ञ म्हणाला हे?"

"केळेवाला," ताई म्हणाली. "माझा भाऊ."

*

मग आठवडाभर माद्या अंडीच घालेनात. बशी बघितली तर या खेपेची जेली काचेसारखी गुळगुळीत. माझं डोकं फिरलं, मी नखाने ओरबाडली. बशी वाया घालवली म्हणून ताईने मला धपाटा दिला.

सकाळी त्या ओरखड्यातच अंडी!

तेव्हापासून ते काम माझं. ताईच्या केसांची पिन घ्यायची आणि दोन्ही बाजूंना सारख्या रेघा ओढायच्या.

"किती मारू?"

"जितक्या यत्ता पास झालास तितक्या," ताई म्हणाली.

*

साधा ताप आला होता. चार दिवसांत गेली.

*

परवा समोरच्या पीसीओवर मॅडमचा फोन आला, ताईचं सामान घेऊन जा म्हणून. गेलो. पिशवी हातात देताना मॅडम हळूच म्हणाल्या, "तिचा व्हिनेगरचा प्रयोग आम्ही इथे तीनदा केला. अंडीच मिळत नाहीत. पुन्हा होत नसेल तर छापता येणार नाही रे."

म्हणजे तीन वर्षांची ताई रद्दीत.

मी म्हटलं, "बशी दाखवा." गुळगुळीत. पिन हल्ली खिशातच असते. न विचारता झाकण काढलं आणि रेघा ओढायला लागलो. एका विद्यार्थ्याने मनगट धरलं, "ओ भाऊ, काय करताय?"

मॅडम म्हणाल्या, "करू दे." रेघा झाल्यावर त्यांनीच वर माद्या सोडल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी लावलीच नाही, थेट कॉलेज. तोच विद्यार्थी भिंगाखाली अंडी मोजत होता. मोजता मोजता त्याने माझ्यासाठी स्टूल सरकवलं. व्हिनेगरच्या बाजूला रेघन्‌रेघ पांढरी. साधी बाजू जवळजवळ रिकामी.

मॅडमनी ताईची वही उघडली. "यात रेघांचं कुठेच नाहीये."

"कसं असेल? ते काम माझं होतं."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "छापू आपण. पहिलं नाव तिचंच. किती रेघा?"

"सात."

"सातच का?"

"आठवीला नापास झालो, मॅडम."

मॅडमनी वही जवळ ओढली. मग ताईच्या अक्षराखाली त्यांनी लिहिलं, दोन्ही बाजूंना सात-सात.