देवाजीचा तातडीचा अर्ज

गोंदियाला कचेऱ्यांसमोर टेबल टाकून बसणारा कामठ्याचा देवाजी लोकांना अर्ज लिहून द्यायचा. एकतीस वर्षांत त्याने एकच गोष्ट पक्की ओळखली होती: साहेब नियमाने हलत नाही, आजारपणाने हलतो. त्यामुळे काम सातबाऱ्याचं असो की रेशनकार्डाचं, अर्जाच्या तिसऱ्या ओळीत घरचं कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असायचंच. कागदावर खिळलेले ते म्हातारे सायकल मारत यायचे आणि स्वतःच अंगठा उमटवून जायचे.

आणि नेमका अशा माणसाच्या पोरीचाच कागद अडला. साक्षी नर्स. नागपुरात राहून दीड वर्ष जर्मन शिकली, तिकडच्या एका इस्पितळाने तिला नोकरीही दिली. पण कामाचा परवाना चार महिने झाले तरी येईना. एक एप्रिलला हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. इस्पितळाने मनावर घेतलं तर परवाना लवकर निघू शकतो, एवढं कळलं आणि देवाजीने पेनाचं टोपण काढलं. इस्पितळाला अर्ज तो मराठीत लिहिणार, पोरीने तो जर्मनमध्ये करायचा.

तिसऱ्या ओळीवर साक्षी थांबली. "बाबा, 'वडील अत्यवस्थ'? तुमी कवा आजारी पडले?"

"बीपीची गोळी खातो ना मी?"

"कायले खोटं लिवता पण?"

"एकतीस वर्सं अर्ज लिवून राहिलो. तू शिकवते का मले?"

पोरीने कपाळाला हात लावला. पण एप्रिल तोंडावर आला होता, आणि बापाचे अर्ज हलतात हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तिने पाठवून दिला.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एवढं झटपट उत्तर देवाजीला उभ्या हयातीत कुठल्या साहेबाकडून आलं नव्हतं. तो कॉलर ताठ करून ऐकायला बसला. साक्षी वाचत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. इस्पितळात भरती पाहणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. अशा वेळी मुलीने त्यांच्यापाशीच असायला हवं. परवान्याची घाई आम्ही करत नाही. या तुकडीत दुसरीला घेऊ, तुम्ही पुढच्या वर्षी पाहा.

देवाजी गारच पडला. बाप मरणाच्या दारात असताना पोरगी जायची घाई कशाला करेल, हा साधा प्रश्न त्या पंडिताला लिहिताना सुचलाच नव्हता.

"घ्या!" बायको ललिता म्हणाली. "आता एक तं मरा, नाही तं उठून बसा."

सकाळी तो सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला. धडधाकट असल्याचा दाखला हवा म्हटल्यावर डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, इस उमर में नौकरी लगी क्या?"

"नाही जी. पोरीले जाऊ द्याचं हाय."

दाखल्यासोबत साक्षीने सगळं खरं कबूल करून माफी मागितली. मग बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना बाप डोळ्यांनी पाहायचा होता. देवाजी इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात तयारच होता. कुणी काही विचारायच्या आत त्याने दोन भरलेल्या बादल्या उचलल्या आणि अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. बाई खळखळून हसल्या, काहीतरी बोलल्या.

साक्षीचा चेहरा फुलला. "बाबा, परवान्यासाठी आजच लिवते म्हणते! फकत इचारून राहिली, मी गेल्यावर तुमची तब्येत अशीच राहील ना?"

देवाजीने बादल्या खाली ठेवल्या. शेकडो खोटी आजारपणं सहज लिहिणाऱ्या त्या माणसाने फोनकडे पाठ केली.

"तू गेली का मी आजारी पडनच, माय," तो हळूच म्हणाला. "पण हे तिले नको सांगू. ठणठणीत राहील म्हन."