उलट्या गिअरच्या गौरी

भवानीबाईंनी पन्नाशीनंतर देवासला गाडी शिकायला घेतली, तेव्हा अर्धं शहर रस्ता सोडून उभं राहिलं, असं त्यांचे मोठे दीर जगदेवराव सांगत. उरलेलं अर्धं जगदेवरावांच्या गप्पा ऐकण्यात गुंतलेलं असे. खरं कारण साधं होतं. सतवासच्या वर, पठारावर त्यांचं शेतघर. नवऱ्याला, गणोजींना, डोळ्यांनी नीट दिसेनासं झालेलं. आणि किराणा काही आपल्या पायांनी वर येत नाही.

या भाद्रपदात मात्र गोष्ट किराण्याची नव्हती. घरच्या गौरी आजवर शेतघरातच बसत. एरवी मुखवटे जगदेवरावांच्या देवासच्या फ्लॅटमध्ये, कपाटात. यंदा ते म्हणाले, "वर रस्ता उरलाय कुठे? यापुढे गौरी इथंच बसतील. लिफ्टनं येतील आरामात."

"मी नेते ना, दादासाहेब."

"गाडी आपल्या बळावर दारात पोचली, तर मुखवटे कायमचे वर ठेवा. ट्रॅक्टरनं ओढावी लागली, तर माझे."

भवानीबाईंची फजिती हुकू नये म्हणून ते स्वतःच शेजारी बसले. बागलीपर्यंत त्यांनी पायानं सारखे ब्रेक दाबले. त्या बाजूला ब्रेक नसतो, ही एवढीच अडचण.

शेवटच्या चढावर पुढची चाकं ओल्या मुरमात गरगरली. पुन्हा चढवून पाहिली, पुन्हा तेच. मग गाडी घसरत पायथ्याशी आली. तेवढ्यात मागून शेजारच्या शेतातला अंकित ट्रॅक्टर घेऊन आला.

"काकीसाब, टोचन कर दूं?"

"करच, भिया, बांध दोर," जगदेवराव खुशीत म्हणाले.

"नको रे. तू जा पुढं."

त्याला वाट द्यायला त्यांनी गाडी मागं घेत बाजूच्या बांधावर चढवली. चढली, आणि चाक जरासुद्धा घसरलं नाही. भवानीबाई थबकल्या. ओढणारी चाकं पुढची. नाक उताराकडं ठेवलं की सगळा भार त्यांच्यावरच. त्यांनी गाडी वळवून पाठ चढाला लावली.

"हे काय?"

"उलटी चढवते."

"म्हणजे गौरी पाठमोऱ्या घरात शिरणार? आपल्या घराण्यात?"

हे मात्र बरोबर होतं. भवानीबाई खाली उतरल्या, मागच्या सीटवरचे मुखवटे उचलले आणि उशांत टेकवून मागच्या काचेकडं तोंड करून बसवले.

"आता त्या घराकडं बघताहेत. पाठमोरे जाल ते तुम्ही."

मग मान मागं वळवून, दात आवळून, रिव्हर्समध्ये त्या ज्या निघाल्या, त्या थेट अंगणातच थांबल्या. जगदेवरावांनी डोळे मिटून गौरींची सगळी नावं घेतली.

सून स्वप्नाली हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं रीतीप्रमाणे विचारलं, "गौराई आली, कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या म्हणायचं असतं. भवानीबाईंनी तोंड उघडायच्या आत जगदेवराव कपाळ पुसत म्हणाले, "उलट्या गिअरच्या. आणि मुखवट्यांना इथंच कपाट करा, सूनबाई."

पुढच्याच बाजारात सतवासभर पसरलं की युक्ती जगदेवरावांची होती. भवानीबाईंनी ते खोडून काढलं नाही. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती.