माझी डिग्री फ्रीजमध्ये

आधी चहा संपवा, मग सांगते. हा किस्सा ऐकताना चहा नाकातून येतो, असा आमच्या स्टाफरूमचा अनुभव आहे. आणि एक विनंती, माझी बाजू घ्यायला जाऊ नका. यात मला बाजूच नाहीये!

तर मला मस्कतच्या एका शाळेत नोकरी लागली. विज्ञानाची शिक्षिका म्हणून! सातपूरच्या शाळेत सोळा वर्षं आठवी-नववीला घनता, उष्णता आणि आम्ल-अल्कली शिकवल्यावर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ऑनलाइन मुलाखत झाली, कॅमेऱ्यासमोर एक पाठ घेऊन झाला आणि एके दिवशी ईमेल आला. मी धावत जाऊन शेजारच्या वहिनींना मिठी मारली. त्यांचे हात कणकेत होते, तरी मारली.

ठरलं असं, की मी एकटीने जायचं. आमचे सुनीलराव नाशकातच राहणार, कारण त्यांची सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे-अवजारं घडवायच्या खात्यात, नोकरी. माणूस मूळचा दिंडोरीकडचा. बोलणं कमी, हात चालू. मी दिवसभर बोलते आणि ते ऐकत ऐकत काहीतरी दुरुस्त करत असतात, असा आमचा संसार.

ईमेलमध्ये लिहिलं होतं, मूळ पदवी प्रमाणपत्रांवर शासनाचा शिक्का घेऊन तीन आठवड्यांत हजर व्हा. आणि खाली एक ओळ, 'मूळ कागदपत्रे अत्यंत काळजीपूर्वक जपावीत.'

आता सांगा, कागद जपा म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतं? उगाच विचार केल्यासारखं दाखवू नका. तुमच्याही कपाटात आहेत ते कडक, चकचकीत कागद. लॅमिनेशन!

मला तर त्याचा नादच आहे. रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, गॅसचं पुस्तक, शाळेचं वेळापत्रक, सगळं प्लास्टिकमध्ये. सुनीलरावांचं आयटीआयचं प्रमाणपत्र गादीखाली चार घड्या घालून पडलं होतं, तेही मीच उचलून लॅमिनेट करून आणलं होतं. वर वर्षभर ऐकवलं, "कागद कसा ठेवावा, शिका जरा!"

फक्त माझ्या दोन पदव्या तेवढ्या राहिल्या होत्या, बी.एस्सी. आणि बी.एड. त्या आईकडे होत्या, देवळालीला, तिच्या लग्नातल्या साडीच्या घडीत. आमच्या सगळ्या घरात पहिली पदवी माझी. आई कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. त्या तिने माझ्या हातात दिल्या तेव्हा मला भरून आलं. म्हटलं, आता यांच्यावर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही.

तशीच गेले शेखचाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात.

"मॅडम, ये तो ओरिजिनल है," चाचा म्हणाले. "करायचं नक्की?"

"चाचा, समुद्राकाठी चाललेत कागद. दमट हवा असते तिकडे."

"एकदा विचारून घ्या ना कोणाला."

"मी विज्ञान शिकवते चाचा!"

चाचांनी मशीन चालू केलं. एवढंच म्हणाले, "साधं करू का जाड?"

"सगळ्यात जाड!"

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून मी मुंबईला, शिक्क्याच्या सरकारी ऑफिसात. रांगेत लोकांचे मऊ पडलेले, कडा फाटलेले कागद बघून मला त्यांची कीव येत होती. माझा नंबर आला. खिडकीतल्या साहेबांनी माझी पदवी हातात घेतली, उलटी केली, नखाने टक्टक् वाजवली.

"मॅडम, शिक्का कुठे मारू?"

"मागच्या बाजूला."

"हो, पण कशावर?"

"प्लास्टिकवरून मारा ना. चालेल मला."

तुम्हाला चालेल हो, पण शाईला चालायला हवं! साहेबांनी बोटाच्या टोकाला थोडी शाई घेतली, प्लास्टिकवर टेकवली आणि रुमालाने पुसली. साफ! त्या माणसाने मला असं प्रात्यक्षिक दाखवलं, की सोळा वर्षांत मी एकही तसं करून दाखवलं नव्हतं.

"प्लास्टिक काढून आणा," ते म्हणाले, "नाहीतर विद्यापीठातून दुसरी प्रत काढा."

दुसऱ्या प्रतीची चौकशी केली, तर म्हणे काही महिने धरून चाला. माझ्याकडे होते सतरा दिवस. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून इगतपुरीपर्यंत रडले. लाज कसली, खरं तेच सांगते.

घरी आल्यावर सुनीलरावांनी विचारलं, "झालं काम?"

"होईल," म्हटलं. वर्षभर ज्याला कागद जपण्यावर भाषणं दिली, त्याला काय सांगणार होते मी?

स्टाफरूममध्ये मात्र बोलून बसले. मग काय, सल्ल्यांचा पाऊस! गणिताच्या बाई म्हणाल्या, इस्त्री फिरवा. चित्रकलेचे सर म्हणाले, पेट्रोलमध्ये बुडवा. हिंदीच्या बाईंनी कुठेतरी पाहिलं होतं, की फ्रीजरमध्ये ठेवलं की प्लास्टिक आपोआप सुटतं. मला हे एकदम शास्त्रीय वाटलं. थंडीने पदार्थ आकुंचन पावतात, मीच शिकवते! दोन्ही पदव्या मटारच्या पिशवीवर आडव्या ठेवल्या आणि फ्रीजर लावून टाकला.

रविवारी सकाळी सुनीलराव बर्फ काढायला गेले. मग आवाज आला.

"अगं वर्षा, तुझी डिग्री फ्रीजमध्ये काय करतीय?"

"खराब होऊ नये म्हणून ठेवलीय!" आता हे माझ्या तोंडून कसं गेलं, ते मलाच ठाऊक नाही.

"अन् बी.एड. बी?"

मग मात्र माझा बांध फुटला. शेखचाचा, मुंबई, शाई, रुमाल, सतरातले उरलेले बारा दिवस, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा माणूस हसणार. नाहीतर 'कागद कसा ठेवावा, शिक जरा' एवढं तरी म्हणणार. हक्क होता हो त्यांचा! पण ते कागद उजेडाकडे धरून बघत राहिले आणि म्हणाले, "लय जाड घेतलंय. बघू."

मग त्यांनी टेबल मोकळं केलं. माझा हेअर ड्रायर मागितला. एक नवं ब्लेड आणि पातळ पट्टी काढली. मी पदवी पुढे केली, तर हात मागे घेतला. "हिच्यावर शिकायचं नाय. आधी दुसऱ्यावर करून बघू."

"कशावर?"

उठले आणि कपाटातून स्वतःचं आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन आले.

"अहो, हे नको! रेशनकार्ड घ्या."

"त्याचा कागद वेगळा. हा तुझ्यासारखाच हाय, जाड, शिक्क्याचा. आणि मला काय करायचंय याचं? कंपनीत लागलो तेव्हा एकदा दाखवला, परत कुणी विचारला नाय."

चार कोपऱ्यांवर त्यांनी चार प्रयोग केले. पहिल्या कोपऱ्याला ताप जास्त झाला, शिक्का प्लास्टिकबरोबर निघून आला. दुसऱ्यावर हात घाईने ओढला, कागद मधोमध फाटला आणि नावाचे दोन तुकडे झाले. मी डोळ्यांवर हात घेतला. ते मात्र पाटीवर गणित चुकल्यासारखं शांत. "बरं झालं, कळलं," एवढंच म्हणायचे आणि ड्रायर थोडा लांब धरायचे. चौथ्या कोपऱ्याला प्लास्टिक अलगद सुटलं, अक्षर न् अक्षर जागेवर.

मग माझी पदवी घेतली. अडीच तास लागले. इतका वेळ मी गप्प बसल्याची आमच्या लग्नानंतरची ही पहिलीच नोंद असेल. बोटभर सोडवायचं, थांबायचं, हाताच्या पाठीने कागदाची ऊब बघायची, पुन्हा बोटभर. टूलरूममध्ये हा माणूस रोज काय करतो, ते मी पहिल्यांदा बघत होते. वर्गात मी उष्णतेची व्याख्या पाठ करून घेते. त्यांच्या बोटांना ती कळत होती. सरळ सांगते, त्या दिवशी मी नवऱ्याच्या पुन्हा प्रेमात पडले. दोन्ही पदव्या निघाल्या. जरा वळ्या पडल्या, पण अख्ख्या!

मुंबईच्या साहेबांनी शिक्का मारला. तो मारतानाचा आवाज मला इतका गोड वाटला, की मी खिडकीत हात जोडले.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. छे! मस्कतच्या प्राचार्य बाईंनी व्हिडिओवर विचारलं, की तुमचं सर्टिफिकेट असं लाटा आल्यासारखं का दिसतंय? मी खरं ते सांगितलं. बाई पोट धरून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, आम्हाला शाळेच्या वर्कशॉपला असाच माणूस हवाय. येतील का तुमचे मिस्टर? दोघं मिळूनच या. त्यांचं ट्रेडचं सर्टिफिकेट तेवढं पाठवा. मूळ.

मूळ! मी सुनीलरावांकडे पाहिलं. सुनीलरावांनी टेबलाच्या खणाकडे पाहिलं. तिथे त्यांच्या नावाचे दोन तुकडे पडले होते. एकटीने जायचं म्हणून मी आतून किती घाबरले होते, ते मला तेव्हा कळलं. आणि दोघांनी जायची वेळ आली, तर आड आलं ते माझंच प्लास्टिक!

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं त्यांच्या आयटीआयच्या ऑफिसात. दुसऱ्या प्रतीचा अर्ज अर्थातच मी भरत होते. एका रकान्याशी पेन अडलं. 'मूळ प्रमाणपत्र नष्ट होण्याचे कारण.' काय लिहू? बायकोने लॅमिनेट केले?

"उंदीर लिही," सुनीलराव कानाशी म्हणाले.

मी मुकाट्याने लिहिलं, 'उंदराने कुरतडले.' टेबलामागच्या क्लार्कनी अर्ज वाचला, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "दोन आठवड्यांत मिळेल. पण त्या उंदराचं काही केलंत का? नाहीतर ही प्रतपण खाईल तो."

"केलं ना साहेब," सुनीलराव माझ्याकडे न बघता म्हणाले. "मस्कतला चाललाय. विज्ञान शिकवायला."